फोटो सॉफ्ट किंवा फिका येणं

फोटो सॉफ्ट आला म्हणजे केस, पापण्या, पाटीवरची अक्षरं अशा बारीक गोष्टी नीट सुटसुटीत दिसत नाहीत, आणि फिका आला म्हणजे कॉन्ट्रास्ट न् रंगांत जीव नसतो. लोक दोन्हीला सरसकट 'क्वालिटी नाही' म्हणतात आणि थेट शार्पनेसचा स्लायडर ओढतात, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि इलाजही वेगळे आहेत. नवी लेन्स घेणं तर अगदी शेवटचा इलाज.

आधी फोटो १०० टक्के झूम करून बघायचा. डोळे सॉफ्ट पण कान किंवा मागचं झाड कडक शार्प असेल तर फोकस चुकलाय, अशा वेळी फोकस पॉइंट कॅमेऱ्यावर न सोडता आपण स्वतः डोळ्यावर ठेवायचा. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकस दर वेळी एकाच बाजूला, म्हणजे कायम पुढे किंवा कायम मागे पडत असेल तर काही मॉडेल्समध्ये एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सोय मिळते. मिररलेसमध्ये (बिनआरशाच्या कॅमेऱ्यात) फोकस थेट सेन्सरवरच मोजला जातो त्यामुळे ही भानगड सहसा नसते. लांबच्या दिव्यांच्या ठिपक्यांच्या सगळीकडे एकाच दिशेने रेघोट्या झाल्या असतील तर हात हललाय. भिंत शार्प आणि पळणारं पोरगं तेवढं फराटलेलं असेल तर शटर (सेन्सरवर उजेड पडू देणारा पडदा) स्लो पडलं, आणि इथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन काही कामाचं नाही कारण ते फक्त आपल्या हाताचं हलणं सावरतं.

हातात धरून काढताना शटरचा जुना हिशोब असा, की २०० मिमी लेन्स असेल तर निदान १/२०० सेकंद, आणि १.५ क्रॉपचा (फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान) सेन्सर असेल तर १/३००. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर मी तरी याच्याही दुप्पट धरीन.

सगळा फ्रेम सारखाच मऊ असेल किंवा कोपरे तेवढे मऊ असतील तर अ‍ॅपर्चर बघा, म्हणजे लेन्सचं भोक; एफ/चा आकडा मोठा तितकं ते लहान. बऱ्याच लेन्स पूर्ण उघड्या असताना कोपऱ्यात सॉफ्ट असतात, एफ/५.६ ते एफ/८ च्या आसपास सगळ्यात चांगल्या चालतात, आणि 'सगळं फोकसमध्ये हवं' म्हणून एफ/१६, एफ/२२ ला नेलं की डिफ्रॅक्शन (लहान भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं) आडवं येतं. हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ/१६ ला सेन्सरवर साधारण २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोळा होऊन पडतो आणि २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (वर सांगितलेल्या १.५ क्रॉपच्या आसपासच्या) सेन्सरचा पिक्सेल असतो ४ मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे एकच बिंदू किती पिक्सेलवर पसरला बघा. कमी उजेडात आयएसओ (सेन्सरचा सिग्नल वाढवायचा आकडा) खूप चढवला की जेपेगमधलं नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे घालवणं, केसांचा नि कापडाचा पोत पुसून टाकतं, तिथे रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढून नॉइज आपल्या हाताने कमी केलेला बरा.

फिकेपणात पहिला संशयित म्हणजे लेन्सच्या पुढच्या काचेवरचा बोटाचा ठसा. फोनमध्ये तर हमखास. समोरून उजेड आला की त्या तेलकट डागावर तो पसरतो आणि काळं राखाडी होऊन जातं, अगदी धुक्यातून काढल्यासारखं, स्वस्त फिल्टरही हेच करतो. तेव्हा काच पुसा, फिल्टर काढा, हूड (लेन्सपुढची उजेड अडवणारी नळी) लावा, तोच फोटो परत काढून शेजारी ठेवून बघा. ढगाळ उजेड मुळातच सपाट असतो, तिथे कॉन्ट्रास्ट नंतर वाढवावा लागतो. लांबचे डोंगर हवेतल्या धूलिकणांमुळे फिके होतात, एडिटिंगमधल्या डीहेझ स्लायडरने ते थोडे सावरतात पण हरवलेलं डिटेल परत येत नाही. आणि रॉ फाइल उघडल्यावर मळकट दिसली तर घाबरू नये, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसतो तो आधीच रंग-कॉन्ट्रास्ट चढवलेला जेपेग असतो.

एक लपलेलं कारण कलर स्पेसचं, म्हणजे फाइलमधल्या रंगांचे आकडे नेमके कोणते रंग ते ठरवणाऱ्या पद्धतीचं. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर ठेवला आणि फोटो प्रोफाइल न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडला की रंग उतरलेले दिसतात. स्क्रीनवरच दाखवायचे असतील तर एसआरजीबीमध्ये एक्सपोर्ट करायचं, आणि शार्पनिंग त्याआधी, पण फोटो ज्या साइजला जाणार त्या साइजला आणल्यावरच, नाहीतर कडांना पांढरी किनार येते.