संगणक हार्डवेअर, नेटवर्किंग व सायबर सुरक्षा : व्यवसायशिक्षण

संगणकाचे सुटे भाग ओळखून त्यांची जोडणी व दुरुस्ती करणे, अनेक संगणक एकमेकांना व इंटरनेटला जोडणे आणि ही यंत्रणा व तिच्यातील माहिती सुरक्षित राखणे, यांचे प्रात्यक्षिकप्रधान शिक्षण. भारतात ते औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय), तंत्रनिकेतने, केंद्र सरकारची ‘नायलिट’ ही संस्था आणि खाजगी वर्ग अशा निरनिराळ्या ठिकाणी मिळते. प्रस्तुत नोंदीत आयटीआयमधील ‘संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभाल’ हा एक वर्षाचा व्यवसाय (ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम) मुख्यत्वे विचारात घेतला आहे. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला माफक शुल्कात हे काम शिकण्याची ती बहुधा सर्वांत जवळची वाट आहे.

पार्श्वभूमी : केंद्र सरकारने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा तिच्यात फिटर, टर्नर, वायरमन यांसारखे कारखान्यांना लागणारे व्यवसाय होते. संगणक फार उशिरा आला. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केले, १९९१ नंतर सुटे भाग आणखी सहज मिळू लागले आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तापकीर गल्ली अशा बाजारांतून भाग आणून जुळवलेला ‘असेंबल्ड’ संगणक घराघरांत पोहोचला. हे संगणक जुळवणारे आणि दुरुस्त करणारे बहुतेक जण दुकानात उस्तादाच्या हाताखालीच तयार झाले. १९९० च्या दशकात हार्डवेअरचे खाजगी वर्ग निघाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्यानंतर नेटवर्किंगही शिकण्याचा विषय झाला. दुकानात हात तयार होत असे, पण ‘असे का होते’ हे सांगणारा क्वचितच भेटे. संस्थात्मक शिक्षणाने ही उणीव भरून काढणे अपेक्षित होते.

आयटीआयचा अभ्यासक्रम केंद्रीय प्रशिक्षण महानिदेशालय ठरवते, त्यामुळे तो देशभर एकच असतो. महाराष्ट्रात संस्थांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे. २०२२ मधील फेररचनेनंतर वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकांसाठी, २४० तास व्यवसायाच्या सिद्धांतासाठी आणि १२० तास रोजगारक्षम कौशल्यांसाठी आहेत. त्याखेरीज प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी १५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. या विभागणीतच या शिक्षणाचे मर्म आहे. मदरबोर्डचे (सर्व भाग ज्याला जोडतात त्या मुख्य फलकाचे) चित्र काढून भागांची नावे लिहिणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकेल, पण बंद पडलेल्या यंत्रासमोर त्याला पहिला हात कोठे घालावा हे कळेलच असे नाही.

हार्डवेअर : शिक्षणाची सुरुवात सुरक्षिततेपासून होते आणि ते योग्यच आहे. एसएमपीएसमधील (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतील) मुख्य कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश केल्यावर, सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. म्हणून नवशिक्या प्रशिक्षणार्थ्याला एसएमपीएसचे कवच उघडू देत नाहीत, त्याची चाचणी बाहेरूनच घेतली जाते. चोवीस पिनांच्या जोडणीतील हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी जोडली की पंखा फिरू लागतो. मग मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात का ते पाहतात. पाच टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ पर्यंतचे वाचन योग्य मानतात. काही नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच तारा काळ्या असतात, त्यामुळे रंग पाठ करण्यापेक्षा सोळाव्या क्रमांकाची पिन लक्षात ठेवणे बरे. भार नसताना बरोबर दाब दाखवणारा एसएमपीएस भार पडताच कोसळू शकतो, हेही येथेच शिकवावे लागते. मीटरने ‘ठीक’ म्हटले म्हणून भाग निर्दोष ठरत नाही.

यानंतर दोषशोधन येते. ‘डिस्प्ले येत नाही’ ही दुरुस्तीच्या टेबलावरची नेहमीची तक्रार. तिची कारणे मॉनिटरच्या सैल केबलपासून मदरबोर्ड निकामी होण्यापर्यंत कोणतीही असू शकतात. चांगला शिल्प निदेशक (आयटीआयतील शिक्षक) विद्यार्थ्याला लगेच भाग बदलू देत नाही. पंखा फिरतो का, बीप वाजते का, वाजत असेल तर किती वेळा, हे आधी वहीत लिहायला लावतो. त्यानंतर अनावश्यक जोडण्या काढून केवळ प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढ्यावर यंत्र सुरू होते का ते पाहायचे आणि एकेक भाग परत जोडत जायचे. एका वेळी एकच बदल, हा येथील सर्वांत मोलाचा नियम आहे. दोन भाग एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर ग्राहकाचे काम होते, पण विद्यार्थी काहीच शिकत नाही आणि एक चांगला भाग भंगारात जातो. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबरने पुसण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. ती बहुतेक वेळा लागूही पडते, मात्र रबराचा चुरा स्लॉटमध्ये राहू नये आणि फार घासून मुलामा जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याहून चांगले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात याला आणखी एका विषयाची जोड द्यावी लागते, ती म्हणजे अर्थिंगची. संगणकाच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येणे, रॅम किंवा नेटवर्क पोर्ट वारंवार जळणे, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा संगणकात नसून इमारतीच्या वायरिंगमध्ये असते. न्यूट्रल व अर्थ यांमधील दाब मोजण्याचे प्रात्यक्षिक दोन मिनिटांत होते आणि पुढे अनेक मदरबोर्ड वाचवते.

नेटवर्किंग : येथील पहिला ‘जॉब’ (नेमून दिलेले प्रात्यक्षिक) म्हणजे केबलला आरजे-४५ कनेक्टर बसवणे, म्हणजेच क्रिंपिंग. आठ तारा ठरावीक क्रमाने लावायच्या असतात. ‘टी-५६८-बी’ या प्रचलित मानकात तो पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. विद्यार्थी हा क्रम चटकन पाठ करतात. त्यामागचे कारण मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. एखाद्याने दोन्ही टोकांना स्वतःच्या मनाचा, पण सारखाच क्रम लावला, तर साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात आणि तरीही नेटवर्क रडतखडत चालते. तारांच्या जोड्या एकमेकींना पिळ देऊन बसवलेल्या असतात. विद्युत संकेत त्याच पिळलेल्या जोडीतून गेला, तरच शेजारच्या जोडीतील व्यत्यय टळतो. मनाचा क्रम लावल्यास एका संकेताच्या दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांत जातात. स्वस्त टेस्टर फक्त तार तुटलेली नाही एवढेच सांगतो, जोडी फुटली आहे हे सांगत नाही. टोकाशी पिळ अर्ध्या इंचापेक्षा अधिक उलगडू नये आणि स्वीचपासून (अनेक संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीपासून) यंत्रापर्यंतची लांबी १०० मीटरच्या आत असावी, हे नियमही याच कारणाच्या ओघात समजावले तर विसरले जात नाहीत.

पुढचा भाग आयपी पत्त्यांचा, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्र ओळखण्याच्या क्रमांकांचा. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवले आहेत. यंत्राने स्वतःहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतलेला दिसला, तर त्याला डीएचसीपी सर्व्हरकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून) पत्ता मिळाला नाही असा त्याचा अर्थ होतो. तपासणीचा क्रमही हार्डवेअरसारखाच जवळून दूर जाणारा आहे. आधी १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःच्याच यंत्राला, पिंग (उत्तर येते का हे पाहणारा संदेश), मग गेटवेला, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर जाण्याच्या दाराला, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला आणि शेवटी संकेतस्थळाच्या नावाने. पत्त्याला उत्तर मिळते पण नावाला मिळत नाही, तर दोष डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत, शोधावा. ‘नेट बंद आहे’ या तीन शब्दांच्या तक्रारीचे अशा रीतीने तुकडे करता येणे हेच तंत्रज्ञाचे कौशल्य. यंत्रे कमी पडत असल्यास सिस्कोचा ‘पॅकेट ट्रेसर’ हा आभासी प्रयोगशाळेचा विनामूल्य प्रोग्राम वापरतात. राउटरची मांडणी शिकण्यास तो उत्तम आहे, पण सैल कनेक्टर त्यात सापडत नाही.

सायबर सुरक्षा : अनेक ठिकाणी हा विषय वर्षाच्या अखेरीस, व्हायरसचे प्रकार व पासवर्डचे नियम अशा स्वरूपात उरकला जातो. वस्तुतः तो पहिल्या दोन विषयांपासून वेगळा काढताच येत नाही. मदरबोर्डवरील तीन व्होल्टची सीआर-२०३२ बॅटरी संपली, की बंद-चालू केलेल्या संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते. त्या तारखेला संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र जन्मालाच आलेले नसते, म्हणून ब्राउझर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा देतो. केवळ सुरक्षेचा धडा शिकलेला व्हायरस शोधत बसतो, केवळ नेटवर्क शिकलेला राउटर बदलायला सांगतो, आणि घड्याळाकडे पाहणारा स्वस्तातली बॅटरी बदलून काम संपवतो. त्याहून वाईट म्हणजे ‘पुढे जा’ दाबून इशारा टाळण्याची सवय ग्राहकाला लावणे, कारण तोच इशारा पुढे कधीतरी खरा असतो.

प्रयोगशाळेत एक प्रात्यक्षिक अवश्य करून घ्यावे. एका यंत्रावरून स्वीचवर टेलनेटने (दुरून यंत्र हाताळण्याच्या जुन्या, उघड पद्धतीने) प्रवेश करायचा आणि त्याच यंत्रावर ‘वायरशार्क’ या प्रोग्रामने ती वाहतूक पकडायची. विद्यार्थ्याने नुकताच टाकलेला पासवर्ड अक्षर न अक्षर पडद्यावर उमटतो. मग तेच काम एसएसएच ही सांकेतिक केलेली पद्धत वापरून करायचे आणि आता काहीच वाचता येत नाही हे पाहायचे. सांकेतिकीकरण म्हणजे काय हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आयटीआयतून बाहेर पडणाऱ्या अनेकांना पहिले काम सीसीटीव्ही बसवण्याचे मिळते, म्हणून २०१६ मधील ‘मिराई’ या घातक प्रोग्रामची घटना त्यांना विशेष लागू आहे. मिराईने जगभरातील कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर ताब्यात घेतले ते साठ-एक ठरावीक नावे व पासवर्ड वापरून पाहत, म्हणजे कारखान्यातून येतानाचे, बसवणाऱ्याने न बदललेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने एका अमेरिकी डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि अनेक बड्या संकेतस्थळांची सेवा काही तास कोलमडली. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा बंदराचाही दाखला देता येतो. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे संगणक जगभर बंद पाडले, तेव्हा तेथील टर्मिनलवरील कंटेनरची कामेही खोळंबली. एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरणाऱ्या या प्रोग्रामपुढे नेटवर्कचे भाग पाडणे आणि मुख्य यंत्रणेपासून तोडून ठेवलेली माहितीची प्रत, हेच खरे उपाय होते. दोन्ही गोष्टी या व्यवसायाच्या विद्यार्थ्याला करता येण्याजोग्या आहेत.

कायदा व व्यावसायिक आचार : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ व ६६ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूने संगणकात प्रवेश करणे किंवा त्यातील माहिती काढून घेणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. ओळखचोरीसाठी कलम ६६-क आणि तोतयेगिरी करून फसवणुकीसाठी कलम ६६-ड लागू होते. सुरक्षेची साधने हातात देतानाच हे सांगणे आवश्यक आहे, नंतर नव्हे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच ते रोखण्याची शक्यता अधिक असते. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी घरी व गावात पोहोचवली तर तिचा उपयोग वर्गाबाहेरही होतो.

कायद्यात न मावणाराही एक भाग आहे. दुरुस्तीला आलेल्या यंत्रात कुटुंबाची छायाचित्रे, पतसंस्थेची खाती, दवाखान्यातील नोंदी असतात. ती उघडून पाहू नयेत, ग्राहकाचा पासवर्ड वहीत टिपून ठेवू नये, काढलेली हार्ड डिस्क परस्पर विकू नये, हे आचार प्रात्यक्षिकाच्या गुणांत धरले जावेत. ‘क्विक फॉरमॅट’ने माहिती खरोखर पुसली जात नाही, हे जुन्या डिस्कवरून फायली परत मिळवून दाखवले की विद्यार्थ्याला दोन कौशल्ये एकदम मिळतात: हरवलेली माहिती शोधून देणे आणि भंगारात जाणाऱ्या डिस्कवरील माहिती खरोखर नष्ट करणे.

मर्यादा व पुढील मार्ग : साहित्याची जुनी पिढी ही या शिक्षणाची मोठी अडचण आहे. बाजारात एनव्हीएमई एसएसडी (माहिती साठवण्याचे वेगवान साधन), मदरबोर्डवरच डाखलेली रॅम आणि ऑप्टिकल फायबरची जोडणी आली असताना काही प्रयोगशाळांत अजून डीव्हीडी ड्राइव्ह उघडून दाखवले जातात. कार्यालयांतून बाद झालेले संगणक संस्थांना मिळाले तर ही दरी अंशतः भरून निघेल. दोषशोधनासाठी बिघडलेले यंत्र चालत्या यंत्राइतकेच उपयोगी असते. शालेय स्तरावर केरळने २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी मंडळांतून हार्डवेअर व सायबर सुरक्षेची ओळख करून दिली आहे. महाराष्ट्रातील शाळांना अनुकरणासाठी हे उदाहरण जवळचे आहे.

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये आस्थापनेत उमेदवारी करता येते, तंत्रनिकेतनात पदविकेसाठी नियमांनुसार प्रवेश घेता येतो, किंवा कॉम्प्टिया ही संस्था व सिस्को ही कंपनी यांच्या प्रमाणपत्र परीक्षांची तयारी करता येते. या परीक्षा मुख्यतः इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातील विद्यार्थी बिचकतात. ज्यांनी हाताने केबल लावून, पिंग करून, पॅकेट पकडून संकल्पना पक्क्या केल्या आहेत, त्यांना त्या प्रश्नांतील भाषा तुलनेने लवकर उलगडते.