सर बिली बोस्टन: ५७१ ट्रायच्या मागची गोष्ट

जून २०२५ मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्ये बिली बोस्टनला नाइटहूड मिळालं तेव्हा तो नव्वदीत होता, आणि रग्बी लीग हा खेळ जवळजवळ १३० वर्षांचा. एवढ्या वर्षांत या खेळातल्या एकाही खेळाडूला 'सर' म्हणायची वेळ आली नव्हती. क्रिकेटवाल्यांना मिळालं, फुटबॉलवाल्यांना मिळालं, लीगवाले मात्र कोरडेच.

आता रग्बी म्हणजे एकच खेळ असं बऱ्याच जणांना वाटतं, पण दोन आहेत. आपल्याकडे बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ती युनियन. लीग वेगळी झाली १८९५ साली, उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात मीटिंग घेतली आणि वेगळी चूल मांडली, कारण साधं होतं, खाणीत-गिरणीत राबणारा माणूस शनिवारी मॅचला गेला की त्याची मजुरी बुडायची, तेवढी तरी भरून द्या असं यांचं म्हणणं आणि वरच्या साहेब लोकांना पैसा या शब्दाचीच ॲलर्जी. नंतर लीगने टीम १५ ची १३ केली. युनियनने राग काढला तो असा, की लीगचा पैसा घेतलास तर युनियनचे दरवाजे तुला आयुष्यभर बंद. हे चाललं थेट १९९५ पर्यंत!

बिलीचा जन्म १९३४ चा, कार्डिफच्या गोदीजवळच्या टायगर बे मधला. वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची, घरात ११ भावंडं. पोराचं स्वप्न कार्डिफच्या युनियन क्लबकडून आणि मग वेल्सच्या युनियन टीमकडून खेळायचं, पण कार्डिफने कधी विचारलंच नाही. वेल्सच्या टीममध्ये तेव्हा एकही काळा खेळाडू नव्हता, त्यामुळे न विचारण्याचं कारण काय असावं हे मी वेगळं सांगायला नको.

मग सक्तीची लष्करी नोकरी, रॉयल सिग्नल्समध्ये, पोस्टिंग यॉर्कशरमधल्या कॅटरिकला, म्हणजे लीगच्या अंगणातच. तिथे तो इतके ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय) मारत सुटला की विगन या उत्तर इंग्लंडमधल्या लीग क्लबचे लोक १९५३ मध्ये थेट त्याच्या घरी पोचले आणि टेबलावर नोटा मांडल्या. आईला पोरगा जायला नको होता, म्हणून हे लोक पळून जातील असा आकडा तिने सांगितला, ३,००० पौंड. ते लगेच हो म्हणाले! आईने दिलेला शब्द, बिलीने सही केली आणि वेल्सचा विषय कायमचा संपला.

पुढचं सगळं भन्नाट आहे. विगनच्या फर्स्ट टीमकडून जेमतेम सहा मॅचेस झालेल्या आणि १९ वर्षांच्या या पोराला १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर नेलं. ग्रेट ब्रिटनच्या दौऱ्यावर गेलेला तो पहिला काळा खेळाडू, आणि तिथे त्याने ३६ ट्राय मारून दौऱ्याचा रेकॉर्डच केला. तो विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा खेळाडू, आणि विंगर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हडकुळा धावपटू येतो, हा नुसता पळायचा नाही तर समोरच्याला अंगावर घेऊन पुढे जायचा आणि टॅकलही, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणंही, तसाच करायचा, समोरच्याच्या पोटात गोळा यायचा. विगनसाठी ४८८ मॅचेसमध्ये ४७८ ट्राय, म्हणजे जवळपास प्रत्येक मॅचला एक. एका मॅचमध्ये सात ट्राय, तेही दोनदा.

१९५७ चा प्रसंग मात्र कडवट. ऑस्ट्रेलियातल्या वर्ल्ड कपनंतर टीम प्रदर्शनीय सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेला गेली आणि तिथे वर्णभेद, त्यामुळे बिली एकटाच घरी परतला. बाकीची टीम तरीही गेली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

एकूण ट्राय ५७१. त्याच्या पुढे एकच माणूस, वॉरिंग्टनचा ऑस्ट्रेलियन ब्रायन बेव्हन, ७९६. गंमत म्हणजे दोघांचंही करिअर शेवटी ब्लॅकपूल बरोमध्येच संपलं. नंतर बिली विगनमध्ये पब चालवायचा आणि तिथलाच होऊन गेला.

कार्डिफला जाग आली २०२३ मध्ये. कार्डिफ बेमध्ये बिली आणि लीगचेच गस रिस्मन आणि क्लाइव्ह सलिव्हन यांचा एकत्र पुतळा उभा राहिला. सलिव्हनसुद्धा विंगरच, १९७२ च्या वर्ल्ड कपमध्ये ग्रेट ब्रिटनचा कॅप्टन, ब्रिटनच्या कुठल्याही राष्ट्रीय टीमचा पहिला काळा कॅप्टन. तिघेही कार्डिफचे आणि तिघांनीही नाव कमावलं ते उत्तरेत जाऊन.