लाकडाचे आकसणे आणि चिरण्याची पद्धत

ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी आधी उडते. त्याने लाकूड हलके होते, पण माप बदलत नाही. कोरड्या वजनाच्या तुलनेत आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांखाली उतरली की भिंतींतले पाणी सुटू लागते आणि लाकूड आकसते. हवा दमट झाली की ते पुन्हा फुगते. पावसाळ्यात कोकणातले दरवाजे चौकटीत अडकतात ते यामुळे.

आकसणे सर्व दिशांना सारखे नसते, सगळी भानगड इथेच आहे. लांबीत ते जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, पुष्कळ जास्त. आणि वाढवलयांच्या (खोडाच्या कापात दिसणाऱ्या वाढीच्या गोल कड्यांच्या) कडेने त्याच्याही साधारण दुप्पट. गाभ्यापासून सालीकडे जाणारे आडव्या पेशींचे पट्टे त्रिज्येतली हालचाल रोखून धरतात, हे त्याचे एक कारण. म्हणूनच वलये तिरपी असलेला ओला चौरस खांब वाळून शंकरपाळ्याच्या आकाराचा होतो.

ओंडक्याचे एकामागून एक समांतर काप घेतले की बहुतेक फळ्यांच्या रुंदीत वलयांची दिशा येते. नासाडी कमी, कामही झटपट, शिवाय फळीवर डोंगरांसारखी नक्षी उमटते आणि गिऱ्हाईक नेमके त्यालाच भुलते. पण अशी फळी वाळताना सालीच्या बाजूने खोलगट होते. याउलट ओंडक्याचे चार फाके करून प्रत्येक फाका त्रिज्येच्या दिशेने चिरला (क्वार्टर सॉन), तर वलये फळीच्या पृष्ठभागाला जवळपास काटकोनात येतात. फळी कमी आकसते आणि सपाट राहते. मात्र फळ्या अरुंद निघतात, तुकडे वाया जातात, मजुरी वाढते.

साग मुळातच स्थिर लाकूड. तरीही २० सेंमी. रुंदीची ओली सागवानी फळी १२ टक्के आर्द्रतेपर्यंत वाळवली, तर पहिल्या पद्धतीत ती सुमारे ७ मिमी., दुसरीत सुमारे ३ मिमी. अरुंद होते. गिटार-व्हायोलिनच्या वरच्या पातळ फळीसाठी दुसऱ्याच पद्धतीचे लाकूड निवडतात.

विकत घेताना फळीचे टोक पाहावे : वलयांच्या रेषा उभ्या असतील तर फळी त्रिज्येने चिरलेली, कमानदार असतील तर समांतर कापाची. गाभ्याचा मध्यबिंदू आत आलेली फळी हमखास तडकते. कमानदार रेषांची रुंद फळी दारात वापरायचीच असेल, तर ती चौकटीच्या खाचेत सरस न लावता सैल बसवतात.