सागवानी स्टँडच पाहिजे? नाही हो

फिशटँकच्या स्टँडला सागवानच पाहिजे, प्लायवूड टिकत नाही, हे इतक्या वर्षांपासून ऐकतोय की लोकांना खरंच वाटायला लागलंय. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात म्हणून ओलाव्याने ते अखंड फळीपेक्षा कमी वाकतं. फुगतो तो पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), पाइपसाठी कापलेल्या भोकाची कड बघा, बिस्किटासारखी झालेली असते.

खरा प्रश्न जोडणीचा आहे, २०० लिटर म्हणजे नुसतं पाणीच २०० किलो, तेही रात्रंदिवस, त्यामुळे वरची फळी उभ्या बाजूंवर टेकलेली हवी, स्क्रूवर लटकलेली नको. वरच्या कॅनोपीला (टँकवरच्या लाकडी झाकणाला) आतूनही पॉलिश मारा (हे सगळेच विसरतात) आणि मागे हवेला जागा ठेवा.