इडियमची यादी पाठ केली की इंग्रजी अस्खलित होतं?

“रोज दहा इडियम पाठ करा, महिन्याभरात मातृभाषेसारखं इंग्रजी बोलाल,” असा मेसेज इडियमच्या, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारांच्या, यादीसकट वर्षानुवर्षं फिरतोय. विश्वास बसणं साहजिक आहे. अभ्यासाच्या पुस्तकांतही अशाच याद्या असतात.

पडताळायचं कसं? यादी समोर ठेवा आणि इंग्रजी भाषकांच्या अर्धा तास मनमोकळ्या गप्पा ऐका. पॉडकास्ट, मुलाखत, काहीही चालेल. आधी लिहून काढलेले संवाद मात्र नकोत. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ बहुधा कानावर पडणारच नाही. धो धो पावसाला लोक सरळ ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात. उलट ‘फिगर आउट’ (उलगडा करणे), ‘एंड अप’ (शेवटी कुठेतरी जाऊन पोचणे), ‘रन आउट ऑफ’ (जवळचं संपून जाणे) असे प्रयोग वारंवार येतील. रोजच्या बोलण्याचा भार यांच्यावर असतो, आणि यादीत बरेचदा नेमके हेच नसतात.

दुसरी अडचण सुराची. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, एवढंच यादी सांगते. तो थट्टेच्या सुरातला प्रयोग आहे, हे सांगत नाही. सांत्वनाच्या पत्रात तो लिहिला तर वाचणारा दुखावेल. चांगल्या शब्दकोशात अशा नोंदीपुढे ‘इन्फॉर्मल’, ‘ह्युमरस’, ‘ओल्ड-फॅशन्ड’ अशी खूण असते. ती आधी बघावी. स्लँग, म्हणजे गप्पांमधली अनौपचारिक बोली, तर आणखी लवकर शिळं होतं: १९६०च्या दशकात गाजलेलं ‘ग्रूव्ही’ (झकास) आज जुनाट वाटतं.

याद्या अगदीच टाकाऊ नाहीत. वाचताना अर्थ लावायला उपयोगी पडतात. बोलताना मात्र तीन-चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलेला प्रयोगच वापरावा.