डोळा फुटत नाही, की घडच नाही?

आमच्या तासगावकडं ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत दोन तऱ्हांचं नुकसान दिसतं. कुठं डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, फुटतच नाही, काडी लाकडासारखी उभी राहते. कुठं डोळा झकास फुटतो, पानं येतात, बाळ्या म्हणजे वेलीचे ताणे लोंबतात, पण घड नसतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन्हीकडं ‘यंदा माल नाही’ एवढंच कळतं. बागायतदारानं मात्र या दोन दुखण्यांची गल्लत केली तर त्याचं वर्ष जातं.

लिहिणारे ही गल्लत सर्रास करतात. ‘सध्या लिहून होत नाही’ असं म्हणताना कुणाचं लेखन अडलेलं असतं आणि कुणाला बर्नआउट झालेला असतो. पहिल्याला ‘रायटर्स ब्लॉक’ हे नाव मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी १९४७च्या सुमारास दिलं. बर्नआउटवर हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये लिहिलं, तेही लेखकांबद्दल नव्हे, मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून नाही. कामाचा ताण दीर्घकाळ साचत गेला आणि तो कुणी आवरला नाही, तर येणारी ही अवस्था. तिच्या तीन खुणा दिल्यात: अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

मला दोन्ही झालंय, त्यामुळे थोडं अधिकारानं बोलतो.

आधी अडलो. आत्याच्या घराच्या वाटणीवरची एक कथा आठ महिने दुसऱ्या पानावर थांबली होती. रात्री झोपताना ती डोक्यात असायची, सांगलीत आयर्विन पुलावरून चालताना असायची, फक्त कागदावर येत नव्हती. मी रोज पहाटे तासभर बसायला लागलो. खाडाखोड, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा खाडाखोड. महिन्याभरानं लक्षात आलं की कथा वाटणीपासून नव्हे, वाटणीनंतरच्या पहिल्या दिवाळीपासून सुरू व्हायला हवी. चार दिवसांत संपली. तेव्हापासून मी चिकाटीचा भक्त झालो, आणि तिथंच फसलो.

पुढं एका दैनंदिन मालिकेचे संवाद लिहायला घेतले. महिन्याला पंचवीस-सव्वीस भाग. दीड वर्षानं अंगातलं सगळं निपटल्यासारखं झालं. औषध माहीत होतं, तेच घेतलं. पहाटे पाचऐवजी चारला उठू लागलो. आणि शब्द येत होते की! अडलो असतो तर निदान कळलं असतं. भाग वेळेवर जात होते, पण सासूचं वाक्य जावेच्या तोंडी घातलं तरी फरक पडत नव्हता, मला तर नाहीच. देवळात एका बाईंनी मालिका आवडते म्हणून सांगितलं तर मला त्यांचाच राग आला. तो राग आजही आठवला की लाज वाटते.

त्या ऑक्टोबरात गावी गेलो होतो. अण्णा बागेत होते. काही ओळींत नुसता पाला माजलेला. मी आपलं शहाणपणानं विचारलं, “पेस्ट लावायची राहिली का इथं?” पेस्ट म्हणजे छाटणीनंतर काडीवर लावतात ते हायड्रोजन सायनामाइड. झोपलेला डोळा त्यानं जागा होतो.

“आरं, डोळा तर फुटलाय की,” अण्णा म्हणाले. “घडच न्हाई त्यात. पेस्ट काय करणार?”

मग त्यांनी सांगितलं ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण कान देऊन नाही. ऑक्टोबरात दिसणारा घड ऑक्टोबरात तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी, नव्या काडीच्या डोळ्याच्या आत, तो सूक्ष्म रूपात धरलेला असतो. त्या वेळी ऊन लागतं, पाणी बेतानं द्यावं लागतं, आणि वेलीच्या खोडात आणि ओलांड्यात, म्हणजे आडव्या फांद्यांत, अन्नाचा साठा असावा लागतो. म्हणून तर ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासून घेतात; सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यात घड आहे की नाही ते कळतं. आमच्या त्या ओळींवर आदल्या हंगामात भाव होता म्हणून जादा घड ठेवले होते, आणि माल उतरल्यावर विश्रांती न देता लगेच खरड छाटणी घेतली होती.

चिकाटी ही पेस्ट आहे. आत घड असेल तर ती लागू पडते. ‘रोज हजार शब्द लिहाच’ असं सांगणारे स्वतः बहुधा फक्त अडलेले असतात.

दोन्हींतला फरक ओळखायला मी त्या तीन खुणांपेक्षा एक साधा प्रश्न वापरतो. दुसऱ्याचं उत्तम लेखन वाचलं की काय होतं? अडलेल्याला जळफळाट होतो, ‘हे मला सुचायला हवं होतं’ म्हणून. बर्नआउटमध्ये जळफळाटही होत नाही. पान उलटतं, एवढंच. आणि कामापलीकडेही, जेवणाखाण्यात, घरच्या माणसांतही कशातच रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथं कुणा लेखकाचं ऐकू नये, डॉक्टर गाठावा. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

विश्रांती घ्या म्हणणं सोपं, घराचा हप्ता कोण भरणार? मीही मालिका सोडली नाही. निम्मे भाग दुसऱ्या लेखकाकडे द्या म्हणालो; कुरकुर झाली, पैसे निम्मे झाले, पण जमलं. घड कमी आले म्हणून वेलीला कुणी आळशी म्हणत नाही. वेलीवर किती ठेवायचे ते मालक ठरवतो.

मोकळ्या दिवसांत लिहिलं नाही. मार्चमध्ये ओळखीच्या एका बेदाणा शेडवर जाऊन बसायचो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. जाळ्यांवर दहा-पंधरा दिवस तो सुकत असतो आणि निवडणाऱ्या बायका हात न थांबवता अख्ख्या गावाचा निवाडा करतात. त्यातल्या एकीचं सुनेबद्दलचं एक वाक्य मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर टिपून आणलंय. त्याचं काय करायचं ते ठाऊक नाही.

परवा खरड छाटणी झाली. अण्णांनी फोनवर विचारलं, “फुटलं का काही?”

“एप्रिल हाय अजून,” म्हटलं.