भांग रुंदावतो तेव्हा

कंगव्यात आलेले केस मोजत बसणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. त्यांची काळजी खरी असते, पण मोजमाप चुकीच्या जागी चाललेलं असतं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले ५० ते १०० रोज गळणं स्वाभाविक आहे. स्त्रियांमध्ये केस विरळ होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ‘पॅटर्न हेअर लॉस’. त्यात रोज गळणाऱ्या केसांचा आकडा नेहमीइतकाच असू शकतो. फरक पडतो तो गळलेल्या केसाच्या जागी येणाऱ्या नव्या केसात. तो आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड असतो, त्यानंतरचा आणखी बारीक.

केस त्वचेतल्या एका सूक्ष्म कूपातून उगवतो. तो २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत कूप आकसतो, सुमारे तीन महिने विसावतो आणि केस गळून पडतो. त्याच कूपातून पुन्हा नवा केस येतो. पॅटर्न हेअर लॉसमध्ये वाढीचा काळ प्रत्येक फेरीत कमी होत जातो आणि कूपही लहान होत जातो. टाळूवर एकाच छिद्रातून बहुतेक वेळा दोन-तीन केस बाहेर पडतात. त्यातले सोबतचे केस आधी बारीक होतात, मुख्य केस बराच काळ टिकतो. म्हणूनच त्वचा दिसायला लागण्याच्या बऱ्याच आधी वेणी बारीक झालेली हाताला जाणवते. ‘माझे केस निम्मे झाले’ असं एखादी सांगते आणि समोरच्याला डोकं भरलेलं दिसतं, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला हवा. तिचं म्हणणं बहुधा बरोबर असतं.

पुढे मधला भांग रुंद दिसू लागतो आणि डोक्याच्या वरचा भाग विरळ होतो. कपाळावरची केसांची रेषा मात्र बहुतेक वेळा जागेवरच राहते. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ एरिक लुडविग यांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या आणि त्या आजही वापरात आहेत. पुरुषांसारखं पूर्ण टक्कल स्त्रियांना क्वचितच पडतं.

बाळंतपण, मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा उपासमारीचं डाएट झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागतात, ती गोष्ट वेगळी. तिथे कूप शाबूत असतात आणि कारण दूर झालं की केस बहुधा आपोआप परततात. अडचण अशी की दोन्ही एकाच डोक्यावर असू शकतात, आणि अशा गळतीमुळेच आतापर्यंत लपून राहिलेला विरळपणा उघड होतो. कपाळाची रेषा मागे सरकत असेल, भुवयाही विरळ होत असतील, टाळूला जळजळ होत असेल किंवा एखादी जागा गुळगुळीत, छिद्रं नाहीशी झाल्यासारखी दिसत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवावं. कूप कायमचे नष्ट करणारे आजार असे सुरू होतात, आणि तिथे गेलेले केस परत आणता येत नाहीत.

हे कशामुळे होतं? पुरुषांच्या बाबतीत चित्र बरंच स्पष्ट आहे. वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं. स्त्रियांमध्ये कोडं अजून सुटलेलं नाही. बहुतेकींच्या रक्तात पुरुषी संप्रेरकांचं प्रमाण अगदी सामान्य असतं. इतकंच काय, ज्यांच्या पेशी या संप्रेरकांना मुळीच दाद देत नाहीत अशा स्त्रीमध्येही हा विरळपणा नोंदला गेला आहे. अनेक जनुकांचा वाटा आहे, आणि वारसा आई-वडील दोघांकडूनही येतो. त्यामुळे प्रत्येकीला ‘तुमचे हार्मोन्स बिघडलेत’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस किंवा हट्टी मुरुमं असतील, तर मात्र संप्रेरकांची तपासणी करावीच. एरवी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एवढ्या चाचण्या बहुतेक वेळा पुरतात.

बायोटिनच्या गोळ्या मात्र सरसकट घेऊ नयेत. त्याची खरी कमतरता दुर्मीळ आहे, आणि जास्त मात्रेमुळे थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात. गोळ्या चालू असतील तर चाचणीपूर्वी डॉक्टरांना सांगावं.

उपचारांत सर्वांत भक्कम पुरावा मिनॉक्सिडिलचा आहे. मुळात हे उच्च रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते टाळूवर लावून पाहण्यात आलं. अमेरिकेत २ टक्क्यांच्या द्रावणाला स्त्रियांसाठी १९९१ मध्ये मान्यता मिळाली, ५ टक्क्यांच्या फोमला २०१४ मध्ये. ते वाढीचा काळ लांबवतं आणि कूप पुन्हा मोठा करतं. पण पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात, कारण विसावलेले कूप जुना केस टाकून नव्या फेरीला लागतात. औषध काम करतंय याची ती खूण असते आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेकजणी घाबरून ते सोडून देतात. ही गोष्ट लिहून देतानाच सांगितली गेली पाहिजे. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि औषध थांबवलं की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. काहींना चेहऱ्यावर लव वाढते, म्हणून ते टाळूपुरतंच लावावं आणि हात धुवावेत. घरात मांजर असेल तर फार जपावं, तिच्यासाठी हे औषध जीवघेणं आहे.

कमी मात्रेतली मिनॉक्सिडिलची गोळी आता बरेच डॉक्टर देतात, पण ती रक्तदाब आणि हृदयाची स्थिती पाहूनच. स्पायरोनोलॅक्टोन आणि फिनास्टेराइड ही पुरुषी संप्रेरकांचा परिणाम कमी करणारी औषधं निवडक स्त्रियांना दिली जातात. दोन्हींमुळे गर्भातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो, म्हणून गर्भधारणेची शक्यता असेल तर खात्रीचं गर्भनिरोधन हवंच. गरोदरपणात आणि स्तनपान चालू असताना मिनॉक्सिडिलही टाळतात.

पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची टाळूत दिलेली इंजेक्शनं) आणि लेझरचा काहींना उपयोग होतो, पण पद्धती इतक्या वेगवेगळ्या आहेत की आधी औषध, मग हे, असा क्रम मी सुचवेन. केसरोपणासाठी मागच्या भागातले केस दाट असावे लागतात. अनेक स्त्रियांमध्ये तेही विरळ झालेले असतात.

औषधाचा परिणाम दिसेपर्यंतचे महिने कठीण असतात. या काळात केसांचे फायबर, रंगीत पावडर किंवा टॉपर (डोक्याच्या वरच्या भागावर लावायचा केसांचा तुकडा) वापरायला काहीच हरकत नाही, उपचारांत त्याने अडथळा येत नाही. मिनॉक्सिडिल आधी लावावं, ते पूर्ण वाळू द्यावं आणि त्यानंतर फायबर भुरभुरावेत.